पँट शिवून घ्यायची आहे: ऑनलाइन मापं भरून की टेलरकडे जाऊन?

निमिष_सायकल

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं नियमित सायकल चालवतोय. कंबर ३२, पण मांड्या चांगल्या भरलेल्या. तयार पँट घ्यायला गेलं की मांडीत बसणारी पँट कमरेला चार बोटं सैल असते आणि कमरेला बरोबर असलेली मांडीवरून वर सरकत नाही. मोठी घेऊन कंबर आवळून घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ येतात आणि शिवणीवर कापड गोळा होतं. ऑफिसला रोज फॉर्मल लागते, त्यामुळे जीन्सवर भागत नाही.

आता शिवूनच घ्यायच्या असं ठरवलंय. ऑनलाइन बघितलं तर काही ठिकाणी दहा-बारा मापं भरून घेतात, काही नुसतं उंची-वजन-वय विचारतात, काही मोबाइलवर समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगतात. कापड त्यांचंच. दुसरीकडे कोथरूडला घराजवळ एक वयस्कर टेलर आहेत. शिलाई ऑनलाइनपेक्षा बरीच कमी पडते, पण कापड आपण न्यायचं आणि दोन-तीन चकरा धरून चालायचं.

दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. सुरुवातीला चार पँट करायच्या आहेत.

धनंजय_पी

डोळे झाकून ऑनलाइन. टेलर लोकांच्या "परवा या"ला मी विटलो आहे. मावसभावाच्या लग्नासाठी महिनाभर आधी कापड दिलं होतं, पँट हातात पडली ती वरात निघून गेल्यावर. ऑनलाइनला निदान तारीख कळते, पार्सल कुठे आहे ते दिसतं, आणि काम चुकलं तर लेखी बोलता येतं. टेलरकडे पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा, त्यावर काय भांडणार?

मिरजेची_कात्री

धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो. वडिलांचं मिरजेत जेंट्स टेलरिंगचं दुकान होतं, मीही बरीच वर्षं कटिंगच्या टेबलावर उभा राहिलो आहे.

पँटची मापं सगळ्यांना माहीत असतात ती म्हणजे उंची, कंबर, सीट (बैठकीचा घेर), मांडी, गुडघा आणि बॉटम (पायाच्या खालच्या टोकाचा घेर). ही कुणीही टेप धरून घेऊ शकतो. खरा घोळ असतो तो दोन पायांच्या मधून जाणाऱ्या मापाचा, म्हणजे पुढच्या कमरपट्टीपासून खालून फिरून मागच्या कमरपट्टीपर्यंत. त्यातलं पुढे किती आणि मागे किती, यावर पँट बसते की नाही ते ठरतं.

एक उदाहरण घ्या. दोघांची कंबर ३६, दोघांची सीट ४०. एकाचं पोट पुढे आणि मागची बाजू सपाट. दुसऱ्याचं पोट आत, मागची बाजू भरलेली. टेपवर आकडे अगदी सारखे. पण पहिल्याला पुढचा भाग उंच आणि मागचा कमी लागतो, दुसऱ्याला नेमकं उलट. एकाची पँट दुसऱ्याला घातली तर पहिल्याच्या मागे मांडीखाली झोळ पडतो, दुसऱ्याच्या अंगावरची पँट खाली बसलं की मागून उतरते. ऑनलाइन फॉर्ममध्ये हे येतच नाही असं नाही, चांगल्या साइट पोट आणि बैठक कशी आहे ते चित्र दाखवून विचारतात. पण आपण स्वतःचं पोट किती पुढे आहे हे किती खरं सांगतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

वडील माप घेताना आकड्यांकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघायचे. गिऱ्हाईक दुकानात शिरून काउंटरपर्यंत येतं तेवढ्यात त्यांचं निम्मं काम झालेलं असायचं. मग टेप लावायच्या आधी विचारायचे, "पँट कुठे बांधता, बेंबीवर की खाली?" आणि उत्तर काहीही आलं तरी अंगावरची पँट कुठे आहे ते बघूनच टेप धरायचे. उंची घेताना पायातल्या चपला काढायला लावून रोज ऑफिसला जे बूट घालता ते घालून या म्हणायचे. वहीत मापांशेजारी "पो. पुढे", "सपाट", "डावा पाय पाव कमी" अशा खुणा असत. त्या खुणा बघून कटिंग व्हायचं, आकडे नंतर.

तेव्हा निमिष, तुमच्यासारख्या शरीराला पहिली पँट टेलरकडेच करा. एकच करा, चार नाही. कच्च्या शिलाईवर ट्रायल मागा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: "मास्तर, मांडीच्या आतल्या शिवणीला आणि मागच्या शिवणीला एक-एक इंच माया ठेवा." आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, असेल तर पँट उसवून सैल करता येते. तयार पँटमध्ये आणि बऱ्याच ऑनलाइन पँटमध्ये शिवणीच्या आत जेमतेम अर्धा इंच कापड असतं, तेही ओव्हरलॉकने कापलेलं. तिथे चुकलं की चुकलं.

धनंजय_पी

@मिरजेची_कात्री, माहिती उत्तम. पण तारखांचं काय? तुमच्या वडिलांसारखे मास्तर आता किती राहिलेत?

मिरजेची_कात्री

कमी राहिलेत, हे मान्य. आणि तारीख पाळायलाच हवी, यात वाद नाही. पण उशीर का होतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कापड कधी द्यायचं ते कळेल.

माप घेणारा आणि बेतणारा एक असतो, शिवणारे कारागीर वेगळे. कारागिरांना नगावर मजुरी असते, त्यामुळे जिथे त्या आठवड्यात काम जास्त आणि पैसे रोख, तिथे ते जातात. होळीला, छटपूजेला परप्रांतातले कारागीर गावी गेले की दुकानात नुसते बेतलेले गठ्ठे पडून राहतात. काज करायचं मशीन प्रत्येकाकडे नसतं, काज-बटणाला माल बाहेर जातो. शिवाय मे-जून शाळेच्या गणवेशाचा हंगाम, दसऱ्याच्या आधीपासून दिवाळीपर्यंत गर्दी, मग लग्नसराई. चांगला टेलर दिवाळीच्या बराच आधी ऑर्डर घेणं बंद करतो. जो दिवाळीच्या तोंडावरही "द्या, देतो" म्हणतो त्याच्याकडे कापड देऊ नये.

श्रावण-भाद्रपदात किंवा होळी होऊन कारागीर परतले की द्या. तेव्हा मास्तरला वेळ असतो, ट्रायलला दोन मिनिटं जास्त देतो.

केतकी_आणि_खिसे

मी बाईच्या बाजूने लिहिते, कारण आमचा प्रश्नच वेगळा आहे.

मला ऑफिससाठी साध्या फॉर्मल पँट हव्या होत्या, ज्यांना खरे खिसे असतील. मोबाइल आणि किल्ली राहील एवढे. बायकांच्या तयार पँटचे खिसे म्हणजे दोन बोटं जातात, की शिवण. लेडीज टेलरकडे गेले तर त्या म्हणाल्या सलवार, चुडीदार, पलाझो सगळं करते, पण फ्लाय आणि बेल्टवाली पँट नको. तिचं कटिंग वेगळं, चेन बसवायची पद्धत वेगळी, सराव नाही. प्रामाणिकपणे नाही म्हणाल्या, हे मला आवडलं. जेंट्स टेलरकडे गेले तर ते काका एवढे अवघडले की टेप कमरेपासून वीतभर लांब धरून माप घेतलं. ती पँट कशी झाली असेल ते लिहायला नको. त्यांचाही दोष म्हणणार नाही, दोघांनाही संकोच होता.

ऑनलाइनने माझा प्रश्न सुटला. बहिणीने घरी माप घेतलं, निवांत, दोनदा. साइटवर खिशाची खोली लिहायची सोय होती. पहिली पँट कमरेला किंचित सैल आली, त्यांनी दुरुस्तीचे पैसे परत दिले आणि आमच्या इथल्या टेलरने ती आवळून दिली. दुसरीपासून काही बघावं लागलं नाही. पुरुषांना "टेलरकडे जा" सांगणं सोपं आहे. ज्यांना टेलरपुढे उभं राहणंच नको वाटतं त्यांच्यासाठी ऑनलाइन फार मोठी सोय आहे.

मिरजेची_कात्री

@केतकी, अगदी बरोबर. एक पर्याय सुचवतो. जेंट्स टेलरला अंगावरचं माप द्यायचंच नाही. जी पँट त्यातल्या त्यात बरी बसते ती नमुन्याला द्यायची आणि "यात मांडी अर्धा इंच सैल, खिसा सात इंच खोल" एवढंच सांगायचं. आमच्याकडे बँकेतल्या काही बाई असंच करायच्या आणि त्यांच्या पँट दुकानातल्या सगळ्यात नीट बसणाऱ्या असायच्या.

सानिका_म

वाचतेय. छान चालू आहे धागा.

एल्बेकाठी

हॅम्बुर्गहून लिहितोय. इकडे गल्लीत टेलर म्हणजे आल्टरेशनवाला, नवीन शिवून देणारा महाग. नुसती पँटची उंची कमी करायला पंधरा युरोच्या आसपास जातात. त्यामुळे मी ऑनलाइन करून घेतो, भारतात आलो की मात्र ठाण्यातल्या टेलरकडे.

युरोपात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करायचा जो हक्क आहे तो तुमच्या मापाने बनवलेल्या वस्तूला लागू नाही. युरोपियन युनियनच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशातच तशी सूट आहे, ब्रिटनच्या २०१३ च्या नियमांतही आहे. म्हणजे "मला रंग आवडला नाही" चालणार नाही. पण तुम्ही लिहिलेलं माप एक आणि आलेल्या पँटचं वेगळं, असं असेल तर तो मालातला दोष, आणि तो दुरुस्त करून मागता येतो. म्हणून भरलेल्या मापांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पार्सल उघडल्यावर पहिल्यांदा टेप लावा. धुतल्यावर तक्रार केली तर कुणी ऐकत नाही.

अमेरिकेतल्या मित्रांसाठी: भारतातून कपडे मागवणं आता पूर्वीइतकं स्वस्त राहिलेलं नाही. ८०० डॉलरखालच्या पार्सलला असलेली जकातमाफी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सगळ्याच देशांसाठी थांबवली. किमतीत ते धरूनच हिशोब करा.

फॉर्म भरताना आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. साइट अंगाचं माप मागतेय की पँटचं, ते आधी वाचा. अंगाची सीट ४० असेल तर पँटची सीट ४२-४३ असते, कारण बसायला-उठायला ढील लागते. अंगाचं माप पँटच्या रकान्यात लिहिलं तर जी पँट येईल त्यात श्वाससुद्धा घेता येणार नाही. आणि जीन्सवर ३४ लिहिलंय म्हणून कंबर ३४ लिहू नका, त्या ३४ ला टेप लावून बघा, बहुतेक ब्रँडची जास्तच भरते.

निमिष_सायकल

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती एका जागी मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलंय की पहिली पँट टेलरकडे. आता कापडाचं सांगा. दुकानदार "१.२० मीटरचा पँटपीस घ्या, सगळ्यांना पुरतो" म्हणतात. माझी उंची सहा फूट एक इंच.

मागवाले_इचल

इचलकरंजीचा आहे, घरात दोन पिढ्या यंत्रमाग. कापडावर लिहितो.

आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. सूटिंगचा पन्हा साधारण ५८ इंच असतो. त्या पन्ह्यात पुढचे दोन आणि मागचे दोन भाग शेजारी-शेजारी बसतात, म्हणून पँटच्या उंचीएवढं कापड अधिक वर बेल्टचं आणि खाली दुमडायचं, एवढ्यात काम होतं. पँटची उंची ४१-४२ इंच असेल तर १.२० पुरतं. तुमची ४४ च्या पुढे जाईल, मांडीही भरलेली, तर १.३० घ्या आणि माया ठेवायची असेल तर १.४० घ्या. ३६ इंची पन्ह्याचं सुती कापड असेल तर हे गणित मोडतं, तिथे सव्वादोन मीटरच्या पुढे लागतं. चौकडीचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीला चौकडी जुळवायला आणखी थोडं.

रोजच्या ऑफिसला टेरी-व्हिस्कोस घ्या. घडी राहते, लवकर वाळते, पुण्याच्या पावसात सोयीची. मात्र सायकलवरून ऑफिसला जाणार असाल तर त्यात घाम जिरत नाही, तिथे सुती ड्रिल किंवा थोडं लायक्रा असलेलं सुती बरं. शंभर टक्के सुती आणि लिनन आटतं. टेलरकडे द्यायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करून द्या. टेलर भिजवून घेत नाहीत, त्यांच्याकडे जागा नसते. ४४ ची पँट तीन टक्के आटली तर सव्वा इंचाहून जास्त वर जाते, ती घोट्यावर दिसते.

लायक्राचं कापड असेल तर मास्तरांना आधी सांगा. त्याला सुई वेगळी लागते आणि कापल्यावर थोडा वेळ पसरून ठेवावं लागतं, कारण गठ्ठ्यातून निघालेलं ताणलेलं कापड नंतर आखडतं.

आणि शक्य असेल तर कापड दिवसाउजेडी दुकानाच्या दारात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली काळं दिसणारं घरी येऊन गर्द निळं निघतं.

आभा_देशी

मला विचारायचं आहे ते थोडं वेगळं. धाग्यात बसतंय असं वाटतं.

माझ्या भावाला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय आखूड आणि बारीक, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) घालतो. कॅलिपरच्या गुडघ्याच्या बिजागरीने पँट आतून घासून फाटते, दर काही महिन्यांनी नवीन. ऑनलाइन फॉर्ममध्ये उंचीचा रकाना एकच असतो, दोन पायांच्या दोन उंच्या लिहायला जागाच नाही. कस्टमर केअरला विचारलं तर "मोठी उंची लिहा, खाली आल्टर करून घ्या" म्हणाले. तयार पँटचंही तेच करतो आहोत, मग शिवून घेण्याचा उपयोग काय? कुणाला अनुभव आहे का?

मिरजेची_कात्री

@आभा, या कामासाठी टेलरच हवा, आणि असा हवा जो भावाला खुर्चीवर बसवून माप घेईल. वडिलांकडे कॅलिपर घालणारे दोन कायमचे गिऱ्हाईक होते, त्यांच्यासाठी जे करत ते लिहितो.

दोन्ही पायांची सगळी मापं वेगवेगळी घ्यायची, तीही कॅलिपर आणि बूट घालून. उंच टाचेचा बूट असेल तर दोन उंचींमधला फरक बराच भरून निघतो, म्हणून बुटाशिवाय घेतलेलं माप निरुपयोगी. गुडघा आणि बॉटम दोन्ही पायांना सारखाच ठेवायचा, कॅलिपरच्या पायाला जेवढा लागतो तेवढा. मग समोरून बघणाऱ्याला दोन पाय वेगळे दिसत नाहीत. बिजागरी जिथे घासते तिथे आतून जाड अस्तराचा पट्टा लावायचा, वीतभर लांब, आणि तो काठाला फक्त टाक्यांनी अडकवायचा. फाटला की पट्टा बदलता येतो, पँट शाबूत राहते. बाहेरच्या शिवणीला गुडघ्याच्या वरपासून खालपर्यंत चेन बसवली तर कॅलिपरचं कुलूप लावणं-सोडणं पँट न काढता होतं. चेन शिवणीत झाकून बसवता येते, कळतही नाही.

आणि कुणी चाकाच्या खुर्चीवर असेल तर: मागची बाजू उंच, पुढची कमी, उंची एक-दोन इंच जास्त, कारण बसलं की पँट वर चढते. मागचे खिसे अजिबात नकोत. मागच्या शिवणीला जाड गाठी नकोत. दिवसभर बसणाऱ्याच्या कातडीला त्या रुततात आणि जखमा होतात. खिसे मांडीवर, पुढे, हाताला येतील असे. ज्या टेलरला हे सांगितल्यावर तो दोन प्रश्न उलटे विचारेल, त्याला काम द्या. जो नुसता "हो हो, होऊन जाईल" म्हणेल त्याच्याकडे नको.

आभा_देशी

आतला पट्टा टाक्यांनी अडकवायचा हे कुणीच सांगितलं नव्हतं. भावाला वाचून दाखवलं, तो लगेच पँट घेऊन बसला घासतंय कुठे ते खडूने दाखवायला. खूप खूप आभार.

धनंजय_पी

हा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं बदललं. लग्नाची पँट आणि ही पँट, दोन्हीला एकच फूटपट्टी लावता येणार नाही. तरी तारीख लेखी घ्याच.

निमिष_सायकल

अपडेट देतो. कापड १.४० घेतलं, भिजवून दिलं. मास्तरांना माया ठेवायला सांगितली तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "कुणी सांगितलं तुम्हाला? बरोबर सांगितलं."

आज ट्रायल झाली. कंबर आणि सीट उत्तम. पण उभं राहिलं की दोन पायांच्या मधून मांडीवर तिरक्या चुण्या पडतात, मांजराच्या मिशांसारख्या. मागे गुडघ्याच्या वर एक झोळ राहतो. मास्तर म्हणतात इस्त्रीने जाईल. जाईल का?

मिरजेची_कात्री

समोरच्या तिरक्या चुण्या इस्त्रीने जाणार नाहीत. मांडीला कापड कमी पडतंय, म्हणून ते फोर्कपासून, म्हणजे दोन पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथून, ओढलं जातंय. मांडीच्या आतली शिवण वरपासून मांडीच्या मध्यापर्यंत उसवायची आणि मागच्या भागातून अर्धा इंच सोडायचं, गुडघ्याकडे येताना शून्यावर आणायचं. माया आहे, त्यामुळे काम थोडंच आहे.

मागचा झोळ आधी तसाच राहू द्या. मांडी सैल झाली की तो निम्मा आपोआप जातो, कारण आत्ता कापड मागच्या स्नायूवर अडकून राहिलंय. तरी उरला तर बेल्ट मागच्या बाजूला उसवून मागचा भाग पाव इंच वर उचलायला सांगा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर बसताना मागून खेचेल.

पुढच्या ट्रायलला उभं राहून बघून झालं की दुकानातल्या स्टुलावर बसा, सायकलवर वाकता तसं पुढे वाका. मग खिशात मोबाइल घालून परत बसा. तेव्हा ठीक वाटली तरच पक्की शिलाई करायला सांगा. आणि पक्की झाल्यावर ती पँट सपाट टेबलावर पसरून टेप लावा: कंबर, सीट, पुढचं आणि मागचं माप, फोर्कच्या एक इंच खाली मांडी, गुडघा, बॉटम, आतली उंची. ही पँटची मापं झाली. यापुढे ऑनलाइन करायची असेल तर हीच भरा, आणि पँटची मापं घेणारी साइटच निवडा.

निमिष_सायकल

मास्तरांना दाखवलं. त्यांनी वाचून लगेच खडूने खूण केली, शुक्रवारी बोलावलंय. उरलेल्या तिन्ही पँटचं कापड त्यांच्याकडेच देणार आहे. मापं घेतली की इथे टाकतो, माझ्यासारखे सायकलवाले असतील त्यांना उपयोगी पडतील.